मान डोलावण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुशायऱ्याला नेमाने जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट अनुभवानं ठाऊक असते. शेर कितीही चांगला असो, पहिली ‘वाह’ कुठून येते यावर पुढचं बरंच ठरतं. पुढच्या रांगेतले एखादे उस्ताद मान हलवून ‘मुकर्रर’ म्हणाले, की मागच्या रांगांतूनही दाद उसळते. तेच उस्ताद शेजाऱ्याशी बोलण्यात गुंतले असले, तर त्याच शेरावर सारा मंडप गप्प राहतो. मराठी कविसंमेलनातही याहून फार वेगळं घडत नाही. मग प्रश्न पडतो, त्या मंडपातल्या किती जणांना तो शेर मनापासून आवडला आणि किती जणांना तो आपल्याला आवडायला हवा असं वाटलं?

कवितेच्या बाबतीत हा प्रश्न गमतीचा आहे. पण जात, धर्म, लग्न, मुलीचं शिक्षण, शेजाऱ्याबद्दलचा संशय, मतदान अशा गोष्टींपाशी तो आला की गंमत संपते. समाजमानसशास्त्र नावाच्या विद्याशाखेचा बराचसा अभ्यास या प्रश्नाभोवती फिरतो. बी.ए.ला माझा हा विषय होता. एखाद्या व्यक्तीकडे, जमातीकडे किंवा प्रश्नाकडे पाहण्याचा आपल्या मनाचा जो कल ठरून गेलेला असतो, त्याला पाठ्यपुस्तकात ‘अभिवृत्ती’ म्हणत. हा कल तयार कसा होतो, चार लोकांच्या दाबानं तो वाकतो कसा आणि कुणी समजावलं तर तो खरोखर बदलतो का, हे तीन प्रश्न आज आपल्यासमोर ठेवायचे आहेत.

पहिल्यांदा दाबाची गोष्ट. वॉर्सात जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा प्रयोग केला. सात ते नऊ विद्यार्थी एका खोलीत बसवले. त्यांना दोन पत्ते दाखवले. एका पत्त्यावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन रेघा. या तीनपैकी कोणती रेघ पहिल्या पत्त्यावरच्या रेघेएवढी आहे, एवढंच मोठ्यानं सांगायचं होतं. उत्तर शाळकरी पोरालाही आलं असतं. मेख अशी होती, की त्या खोलीत खरा परीक्षार्थी एकच होता. बाकीचे सगळे अ‍ॅश यांचे साथीदार होते आणि अठरापैकी बारा वेळा त्यांनी ठरवून एकसारखं चुकीचं उत्तर द्यायचं होतं. खऱ्या परीक्षार्थीची पाळी शेवटी किंवा शेवटच्या आधी येई.

माणूस एकटा असला तर या रेघा ओळखण्यात शंभरात एखादी चूकही होत नव्हती. मात्र चार लोकांनी चुकीचं सांगितलं की सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यासारखीच चुकीची येऊ लागली. चारपैकी तीन जण निदान एकदा तरी वाहवत गेले. चारातला एक मात्र शेवटपर्यंत आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून राहिला. आणखी एक गोष्ट दिसली. समोर तीन माणसं एकमतानं चुकीचं बोलली, तर दाब जवळजवळ पुरा होतो. पुढे माणसं कितीही वाढवली तरी तो फारसा वाढत नाही. म्हणजे आपल्याला वाकवायला गावजेवणाएवढी गर्दी लागत नाही. घरातले तिघं पुरतात.

हे लोक का वाकले? १९५५ साली मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड या दोघांनी याची दोन कारणं वेगळी करून दाखवली. एक कारण आपल्या अगदी ओळखीचं आहे : लोक काय म्हणतील. आपण वेगळे पडू, हसं होईल, वाळीत पडू ही भीती. दुसरं कारण जरा निराळं आहे. इतके लोक म्हणतात तर त्यांना आपल्यापेक्षा काही जास्त ठाऊक असेल, हा भरवसा. अनोळखी गावात स्टेशनबाहेर सगळे ज्या दिशेनं निघाले त्या दिशेनं आपणही चालू लागतो, ते या भरवशावर. त्यात वाईट काही नाही. उलट त्याशिवाय रोजचं जगणं अवघड होईल. अडचण तेव्हा होते, जेव्हा पुढे चाललेल्यांपैकीही कुणालाच रस्ता माहीत नसतो.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना आठवत असेल. गणपतीची मूर्ती दूध पिते ही बातमी पहाटे दिल्लीतून निघाली आणि दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे चमचे-वाट्या घेऊन रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, की पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि तिच्या अंगावरून पातळ ओघळानं खाली उतरतं. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी आली, तेव्हा बाटल्या भरून घेणाऱ्यांत सगळ्याच धर्मांची माणसं होती. पावसाळ्यात खाडीत उतरलेल्या पाण्यामुळे खारटपणा कमी झाला होता, आणि ते पिऊ नका असं प्रशासन सांगत होतं. दोन्ही वेळा रांग पाहून रांग वाढत गेली. श्रद्धेचा भाग त्यात होताच. पण इतके लोक उभे आहेत, हा पुरावाही त्यात मोठा होता.

अफवेचा अभ्यास आपल्या देशात फार पूर्वी झाला आहे आणि जगाच्या मानसशास्त्रात त्याला मानाचं स्थान आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञानं गोळा केल्या. ज्या भागात धक्का जाणवला होता पण पडझड झाली नव्हती, तिथले लोक एकमेकांना सांगत होते, की याहून मोठं संकट येणार आहे. वास्तविक घाबरलेल्या माणसाला दिलाशाच्या बातम्या हव्यात. मग हे लोक आणखी भीतीच्या बातम्या का पसरवत होते? अमेरिकेतल्या लिओन फेस्टिंजर यांना या कोड्यानं विचारात पाडलं आणि १९५७ साली त्यांनी मांडलेल्या प्रसिद्ध सिद्धान्ताची एक सुरुवात तिथून झाली. त्यांचा खुलासा असा : मनात भीती तर बसली आहे, पण डोळ्यांसमोर तिला कारण दिसत नाही. ही विसंगती माणसाला सोसवत नाही. मग भीतीला शोभेल असं कारण तो शोधतो, आणि अफवा ते कारण पुरवते. अफवेनं भीती निर्माण होते असं आपण समजतो. पुष्कळदा भीती आधीच असते आणि अफवा तिच्या मापानं शिवली जाते.

हे नीट समजून घ्यायचं ते १ जुलै २०१८च्या दिवसासाठी. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. हे पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे लोक. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश मोबाइलवरून पसरत होते. अनोळखी माणसाबद्दलचा, भटक्या जमातीबद्दलचा संशय संदेश येण्याच्या कितीतरी आधीचा होता. मोबाइलनं फक्त त्याला कारण पुरवलं. दूध पिणाऱ्या गणपतीची रांग आणि राईनपाड्याचा जमाव यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, हे खरंच. पण ‘एवढे लोक म्हणतात’ हा पहिला धागा दोन्हीकडे एकच आहे.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, की माणूस म्हणजे मेंढरूच. तसं नाही. अ‍ॅश यांच्या प्रयोगाचा उत्तरार्ध लोक विसरतात. त्यांनी त्या खोलीत एक बदल केला. साथीदारांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे पूर्वीसारखेच चुकीचं बोलत होते. एवढ्यानं परीक्षार्थीच्या चुका जवळजवळ एक चतुर्थांशावर आल्या. बहुमत मोडलं नव्हतं, फक्त एकमत मोडलं होतं. खोलीत दुसरा एक आवाज होता, एवढ्यावर माणसाला आपले डोळे परत मिळाले.

हा दुसरा आवाज मी आमच्या मोहल्ल्यात ऐकला आहे. पल्स पोलिओच्या मोहिमेतली, २००० नंतरच्या वर्षांतली गोष्ट. या थेंबांनी पुढे मुलं होत नाहीत, अशी अफवा तेव्हा देशातल्या अनेक मुस्लिम वस्त्यांत फिरत होती. आमच्याकडेही आली. बूथचा रविवार कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरणाऱ्या बाया आल्या. डोस झालेल्या घराच्या भिंतीवर खडूनं ‘पी’ आणि राहिलेल्या घरावर ‘एक्स’ लिहीत पुढे जात. आमच्या गल्लीत ‘एक्स’च ‘एक्स’. मग एक डॉक्टर आले, ओट्याजवळ उभं राहून त्यांनी दहा मिनिटं पोलिओ म्हणजे काय ते सांगितलं. बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे करत ऐकून घेतलं. कुणी उलट बोललं नाही आणि कुणी मूलही आणलं नाही.

तेवढ्यात गल्लीतल्या एक वयस्कर खाला नातीला कडेवर घेऊन आल्या. त्यांच्या माहेरी पोलिओनं एका भावाचा पाय गेलेला. वाद न घालता त्या म्हणाल्या, “पहले मेरी पोती को पिलाओ. बातें बाद में करना.” पोरीच्या तोंडात दोन थेंब पडले, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण झाली. थोड्या वेळानं समोरच्या घरातून एक मूल आलं, मग दोन. दुपारपर्यंत निम्म्या गल्लीच्या भिंतींवरचे ‘एक्स’ पुसले गेले. संध्याकाळी त्याच बायका म्हणत होत्या, “हम तो पहलेसेच बोल रहे थे, उसमें कुछ नहीं रहता.”

त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. बऱ्याच जणींना मनातून तसंच वाटत असावं. पण प्रत्येकीला वाटत होतं, की असं वाटणारी आपण एकटीच. सगळे गप्प आहेत म्हणजे सगळ्यांना मान्य आहे, असा गप्प असलेल्या प्रत्येकाचा समज होतो. सामाजिक रूढींचं निम्मं बळ या गैरसमजात असतं. हुंड्याच्या बैठकीत, मानपानाच्या यादीत, कर्ज काढून घातलेल्या जेवणावळीत ज्यांना ते नकोच असतं अशी माणसं बहुमतात असू शकतात. ते बहुमत त्यांना दिसत नाही एवढंच. देशभर अशा हजारो गल्ल्यांत मशिदीतून आवाहनं झाली, वस्तीतल्याच बायका दारोदार गेल्या, आणि १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह आपला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला.

डॉक्टरांचं भाषण बरोबर असूनही का चाललं नाही, यालाही अभ्यासाचा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. एरवी टाकून दिले जाणारे हृदय, मूत्रपिंड असे भाग गृहिणींनी रांधावेत असं सरकारला वाटत होतं. कुर्ट लेविन यांनी गृहिणींचे सहा गट घेतले. तीन गटांना उत्तम व्याख्यान दिलं : पोषण, काटकसर, देशसेवा, पाककृतींसकट. उरलेल्या तीन गटांत व्याख्यान नव्हतं. बायकांनी आपसांत अडचणी बोलायच्या होत्या, आणि शेवटी कोण करून पाहणार त्यांनी हात वर करायचे होते. नंतर चौकशी केली, तर व्याख्यान ऐकलेल्यांपैकी तीन टक्के बायकांनी तो पदार्थ केला होता. चर्चा केलेल्यांपैकी बत्तीस टक्के बायकांनी.

हे वाचताना विदर्भातल्या माणसाला गाडगेबाबा आठवल्यावाचून राहत नाहीत. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसाला लेविन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण त्यांची रीत पाहा. गावात शिरल्यावर आधी खराटा हाती घ्यायचा आणि रस्ता झाडायचा. दिवसभर ते पाहिलेलं गाव रात्री कीर्तनाला बसे. कीर्तनात बाबा उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. दारूनं काय होतं, सण करायला सावकाराचं कर्ज काढावं का, नवसाला बकरं का कापायचं, पोरांना शाळेत का घालत नाही, अशा प्रश्नांची उत्तरं समोरच्या गर्दीकडून मोठ्यानं वदवून घेत. दुसऱ्यानं सांगितलेलं माणूस विसरतो, नाकारतो, त्यात खोड काढतो. चारचौघांत स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दाला मात्र तो काही प्रमाणात बांधला जातो. दाब टाकणारी जी गर्दी, तिलाच बाबांनी साक्षीदार केलं.

इथे एक शंका रास्त आहे. गर्दीत मोठ्यानं दिलेला होकार म्हणजेसुद्धा एक प्रकारचा दाब नव्हे का? मुशायऱ्यातल्या दादेपेक्षा तो वेगळा कसा? हर्बर्ट केल्मन यांनी १९५८ साली होकाराचे तीन प्रकार सांगितले, ते इथे उपयोगी पडतात. पहिला होकार भीतीचा किंवा लाभाचा. पाहणारा निघून गेला की तो संपतो. दुसरा आपलेपणाचा; ज्या माणसाबद्दल प्रेम वा आदर आहे त्याच्यासाठी दिलेला, ते नातं टिकेल तोवर टिकणारा. तिसरा पटण्याचा, तो माणसाच्या स्वतःच्या मूल्यांशी जुळतो आणि कुणी पाहत नसतानाही उरतो. गर्दीतून दिलेला होकार कोणत्या जातीचा होता, हे त्या दिवशी कळत नाही. गर्दी पांगल्यावर कळतं.

आपल्या नागपुरानं याचं फार मोठं उदाहरण पाहिलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली. ज्यांना दीक्षा घ्यायची असेल त्यांनी उभं राहावं असं त्यांनी सांगितलं, आणि बावीस प्रतिज्ञा लोकांनी मोठ्यानं उच्चारल्या. वरवर पाहणाऱ्याला हा एका थोर नेत्यामागे गेलेला जमाव वाटेल. पण त्या दिवसामागे एकवीस वर्षं होती. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या परिषदेत बाबासाहेबांनी त्याची कारणं सविस्तर मांडली. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत वाद, शंका आणि चर्चा होत राहिल्या. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीही त्यांनी दीर्घ भाषण करून आपण हे का केलं, नागपूरच का निवडलं, ते लोकांना समजावून सांगितलं. जमाव वाहवत न्यायचा असता तर इतक्या कारणमीमांसेची गरज नव्हती.

आणि मग परीक्षा लगेच आली. त्रेपन्नाव्या दिवशी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. होकार केवळ व्यक्तीसाठी असता, तर तो तिथेच ओसरायला लागला असता. झालं उलट. दीक्षांचे सोहळे त्यांच्या मागेही होत राहिले. घरातले देव्हारे बदलले, लग्नाच्या रीती बदलल्या, शाळेचा दाखला ही घरातली मोठी वस्तू झाली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे ६५ लाख होती. दीक्षाभूमीवर दरवर्षी येणाऱ्या माणसांना मी या शहरात राहून पाहत आले आहे. पिशवीत भाकरी बांधून आलेली म्हातारी परतताना पुस्तकांच्या दुकानापाशी थांबते, स्वतःला वाचता येत नसलं तरी नातवासाठी पुस्तक घेते. तिचा होकार तिसऱ्या प्रकारचा आहे, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

पण सगळ्यांच्या पाठीशी लाखोंचा समुदाय नसतो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, त्यात मुस्लिम स्त्रिया होत्या फक्त सात. तोंडी तलाक बंद व्हावा, ही त्यांची एक मागणी. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. १९७७ साली, पंचेचाळिशीही न गाठता दलवाई गेले. माझ्या समाजात त्यांच्या मतांविषयी तेव्हा तीव्र विरोध होता, आजही मतभेद आहेत, आणि त्यांची प्रत्येक मांडणी मलाही पटते असं नाही. पण त्या सात जणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. फ्रान्समधल्या सर्ज मॉस्कोविसी यांनी १९६९ साली अ‍ॅशचा प्रयोग उलटा करून पाहिला. सहा जणांत दोन साथीदार निळ्या रंगाला हिरवा म्हणत. ते दर वेळी न डळमळता तसं म्हणाले, तेव्हा बाकीच्यांच्या उत्तरांत आठ टक्के ‘हिरवा’ आला. ते कधी निळा, कधी हिरवा म्हणाले, तेव्हा हा आकडा जेमतेम एक टक्का राहिला. अल्पमताकडे दाब नसतो, सातत्य असतं. ते लगेच कुणाला बदलत नाही, पण इतरांना विचार करायला लावतं. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्याचं श्रेय एका मोर्चाला देता येणार नाही. त्यामागे न्यायालयात गेलेल्या अनेक स्त्रिया आहेत. मात्र जी गोष्ट १९६६ साली सात तोंडांतून निघाली, ती पुढे हजारो घरांत बोलण्याजोगी झाली, हे नक्की.

या सगळ्याचा तुम्हा-आम्हाला उपयोग काय? मला त्यात एकच व्यवहाराची गोष्ट दिसते. दुसरा आवाज जितका लवकर उठतो, तितका तो स्वस्त पडतो. काठ्या घेऊन जमलेल्या जमावापुढे उभं राहायला हौतात्म्याची तयारी लागते आणि ती आपण कुणाकडून मागू नये. पण त्याच जमावाचा पहिला संदेश आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी मोबाइलवर, घरच्या नाहीतर बिशीच्या गटावर आलेला असतो. तिथे “हे कुणी पाहिलं? आपल्याला कसं कळलं?” एवढं सभ्यपणे विचारायला फार तर एखाद्या मेहुण्याचा रुसवा सोसावा लागतो. वाद जिंकायचा नसतो. एकमत तेवढं मोडायचं असतं. गटातल्या गप्प बसलेल्या आणखी चौघांना कळतं, की शंका येणारे आपण एकटे नाही.

आणि दुसऱ्याचं मन वळवायचं असेल, तर आपलं व्याख्यान आखूड करावं, त्याला बोलतं करावं. घरात मुलीच्या शिक्षणावरून वाद असेल, तर शिक्षणाचे फायदे मोजून दाखवण्यापेक्षा तिच्या आजोबांना विचारावं, तुम्हाला शाळा सोडावी लागली तेव्हा काय वाटलं होतं? त्यांचं उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये.